न टेकलेला हात

माझ्या घरात नागडी बाई आली ती खाकी पाकिटात घालून, शहात्तर सालच्या दिवाळीत. आणली माझ्या धाकट्या पोरानं. धर्मराज त्याचं नाव. औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात होता. तिथे काय शिकवतात हे मी कधी विचारलं नव्हतं. मालक गेल्यापासून शेत, बैलं, गडीमाणसं सगळं माझ्या जिभेवर चालत होतं. पोराच्या पेन्सिलीकडे बघायला सवड कुणाला होती? आमचं गाव वाटूरपासून कोसभर आत. चतुराबाईचा पोरगा चित्रं काढायला शिकतो म्हटल्यावर लोक विचारायचे, "मंग शेवटी पाट्या रंगवील का?" मी म्हणायची, "रंगवील की. पहिली पाटी तुह्याच दारावर लावील, हितं रिकामा माणूस राहतो म्हणून."

भाऊबीज उरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढून आले तर ओसरीवर घोंगडी अंथरून त्यानं चित्रं मांडलेली. पहिल्याच चित्रात पांढऱ्या दगडाची बाई. अंगावर सूत नाही. एक हात छातीवर, एक हात खाली. मी चरवी बाजूला ठेवली.

"हे काय आणलंस रे?"

"अभ्यासाचं हाय माय."

"कपडे कुठं गेले हिचे?"

"ती देवी हाय त्यांची. आंघोळ करून निघाली अन् कुणीतरी आलं, म्हणून झाकून राह्यली. लई जुना पुतळा हाय."

"येवढी जुनी देवी, अन् अजून कुणी लुगडं नेसवलं न्हाई? भिकार लोक हायेत का तिथले?"

आत चुलीपाशी नंदा हसली. नंदा माझी थोरली सून, बद्रीनाथची बायको. तिला तीन महिन्यांची पोरगी होती. हसली, पण मोठ्यानं नाही. नंदा मोठ्यानं काहीच करायची नाही. उजव्या हातानं काम आणि डावा हात कायम छातीवरच्या पदरावर. गावात तिच्या लाजेची तारीफ होती आणि ती ऐकायला मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

धर्मराज मला समजावून सांगायला लागला. त्याला चांगलं समजावता येतं, तो गुण बापाचा. म्हणाला, "माय, तिकडच्या चित्रात हातापायाला भाषा असते. हात छातीवर ठिवला म्हंजे लाज. मान खाली म्हंजे नम्रपणा. डोक्यावरून वस्त्र घेतलं म्हंजे पवित्र बाई. बघणाऱ्याला अक्षर वाचता आलं न्हाई तरी हात वाचता यायचा. आमच्या सरांनी मला तेच लिहायला दिलंय, लाजेच्या खुणा."

"अन् हिची खूण काय?"

"लाजच. पण सर म्हणतात, ही लबाड लाज हाय. हात झाकतो, पण बघणाऱ्याचा डोळा बराबर तिथंच नेतो."

"मंग तुह्ये सर शहाणे हायेत," मी म्हणाले. "झाकायचंच असतं तर पाठ फिरवून बसली असती. ही तर उभी राहून बोट दाखवून राह्यली."

दुसरं चित्र मला बघण्यासारखं वाटलं. त्यात एक पोरसवदा बाई निळं वस्त्र पांघरून बसलेली, समोर पंखवाला देवदूत. ती येशूची आई, असं तो म्हणाला. तुझ्या पोटी देव येणार असं सांगायला तो दूत आलाय. तिची मान खाली, दोन्ही हात छातीवर एकावर एक. हे म्हणजे तिचं हो म्हणणं.

"तिनं तोंडानं हो म्हणलं का?"

"हात सांगतेत की."

"हात काय सांगतेत ते तू सांगून राह्यलास. मी तिचं इचारते."

"म्हणली माय, त्यांच्या पोथीत म्हणली तोंडानं."

"मंग ठीक."

तिसऱ्या चित्रात नवराबायको, बागेतून हाकलून दिलेले. दोघेही उघडे. काहीतरी फळ खाल्लं म्हणून. बाईनं दोन्ही हातांनी अंग झाकलेलं आणि वर तोंड करून रडतेय. गड्यानं मात्र दोन्ही हात तोंडावर घेतलेले. मी ते चित्र हातात घेऊन बघितलं. "ह्या मानसाला कळलं," मी म्हणाले, "काढणाऱ्याला. गड्याला तोंड दाखवायची लाज असती. बद्रीनाथ बाजारातून बैल कमी किमतीत देऊन आला तवा असाच बसल्ता."

"चित्रावर बोल ना माय."

"चित्रावरच बोलून राह्यले."

मग त्यानं मुद्द्याचं सांगितलं. त्या चित्रांच्या शेजारी ठेवायला त्याला आपल्याकडची एक बाई काढायची होती. आपल्याकडे लाज कशी दिसते ते सरांना दाखवायचं होतं. आणि त्याला वैनीचं चित्र काढायचं होतं, कारण वैनीसारखा हात त्यानं त्या कॉलेजातल्या सगळ्या चित्रांत बघितला आणि दरवेळी त्याला घरची आठवण झाली.

मी विचार केला. नाही म्हणायला काही हरकत नव्हती, पण तारीफ माझ्या सुनेची होत होती, आणि ती औरंगाबादला जाणार होती. मी म्हणाले, "काढ. ओसरीवर, दिवसाउजेडी, डोक्यावर पदर, अन् मी समोर बसनार."

नंदा नको म्हणाली. आतूनच म्हणाली. "भावजी, दुसऱ्या कुणाला बसवा. मला धुणं हाय."

"धुणं दुपारी," मी म्हणाले. माझ्या घरात तेवढं पुरायचं.

ती येऊन बसली, खांबाला टेकून. धर्मराजनं पोरगी माझ्या मांडीवर दिली. शेजारची सगुणाबाई ताक न्यायला आली ती ताक विसरून तिथंच बसली. सगुणाबाईला दुसऱ्याच्या घरी काय चाललंय हे आधी कळावं लागतं, मग तहान लागते.

"अगं बया, फोटू काढून राह्यले का?"

"हातानं काढून राह्यलाय," मी म्हणाले. "गप बस, न्हाईतर तुह्यंबी तोंड येईल त्यात."

"माह्यं कशाला? सून असावी तर अशी. माहेरावरून आली तशी हाय. छातीवरचा पदर कधी सुटला न्हाई. आमची बघा, गवार निवडताना पदर एकीकडं, तोंड एकीकडं."

धर्मराज काढत होता. भरभर काढत होता, चेहरा, डोक्यावरचा पदर, बांगड्या. मला नवल वाटलं. कागदावर नंदा दिसायला लागली. मग तो हातापाशी आला आणि अडला. काढलं, खोडलं. परत काढलं, परत खोडलं. रबराचा चुरा फुंकून फुंकून घोंगडी भरली.

"काय झालं रे?"

"हात येईना. लाजेचा हात टेकलेला असतो, आंगाला चिकटलेला. ही दगडाची बाई बघ, ही निळी बाई बघ. वैनीचा हात काढला की तसा दिसंना. अधांतरी दिसून राह्यलाय. वैनी, जरा टेकवा ना हात. पदर दाबून धरा, तुम्ही रोज धरता तसा."

नंदानं माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते तेव्हा मला कळलं नाही. मग तिनं हात दाबला.

कार्तिकातली सकाळ होती. सगुणाबाईनं अंगावर शाल घेतलेली. आणि नंदाच्या वरच्या ओठावर घाम फुटला. आवाज काही नाही. फक्त तिचे पायाचे अंगठे आत वळले, आणि डोळे असे मिटले की जसं काही कुणी तिच्या कानाशी पत्रा वाजवला.

"आता बराबर," धर्मराज म्हणाला, खाली बघून. "आता आला हात."

"कागद दे हिकडं," मी म्हणाले.

"अजून व्हायचाय."

"दे म्हणले ना."

मी कागद बघितला. दाबलेला हात त्यानं नुकताच काढलेला, पण त्याच्याखाली आधी खोडलेला हात पुसट दिसत होता. तो हात टेकत नव्हता. पदराच्या वर बोटभर अंतर राखून, खोलगट करून धरलेला. वाऱ्यातून दिवा नेताना आपण ज्योतीभोवती हात धरतो, तसा. त्या हाताला झाकायचं काही नव्हतं. त्याला कुणाचा धक्का लागू द्यायचा नव्हता.

पोरानं जे बघितलं ते बराबर काढलं होतं. मग कॉलेजात शिकवलेलं आठवून ते खोडलं.

माझ्या मांडीवर पोरगी रडायला लागली. माझ्या ध्यानात आलं, ही कायम डाव्याच अंगाला पिते. मी म्हणायची, सवय आहे.

"सगुणा, तुह्यं ताक घे अन् जाय," मी म्हणाले. "धर्मराज, पोरगी धर. नंदा, आत चल."

धान्याच्या खोलीत मी कडी लावली. पोत्यांच्या मधे नंदा उभी. डावा हात तिथंच.

"झंपर सोड."

"काहून?"

"मी सांगते म्हणून."

"न्हाई आत्याबाई."

सात वर्षांत मला न्हाई म्हणाली ती ही पहिली वेळ. मला राग आला, आणि त्याच वेळी हिच्या अंगात काहीतरी आहे असंही वाटलं. मी आवाज खाली घेतला. मला आवाज खाली घेता येतो, लोकांना वाटतं येत नाही.

"नंदा, त्या हाताखाली काय हाय ते मी बघितल्याबिगर ही कडी निघनार न्हाई. तू उभी राहा, मी बी उभी राहते. पोरगी बाहेर रडून राह्यली, तिला दोघी मिळून रडवू."

ती पोत्यावर बसली. हुक तिनंच काढले.

मी बऱ्याच बाळंतिणी बघितल्या आहेत, पण बघून मी भिंतीला हात लावला. उजवं थान वांग्यासारखं काळंनिळं तकाकत होतं. दगडासारखं टणक, हात नुसता जवळ नेला तर चुलीजवळ नेल्यासारखी धग. काखेत गाठ आलेली. कपाळाला हात लावला तर ताप.

"कवापासून?"

"दसऱ्यापासून. आधी नुसती गाठ व्हती."

"अन् सांगितलं काहून न्हाई?"

"कुणाला सांगू? यांना लाज वाटती."

"मला?"

ती खाली बघत म्हणाली, "तुम्हीच म्हणल्या व्हत्या. तुमच्या बाळंतपणात ताप भरला, आंगाला कुणाचा हात लागू दिला न्हाई, तोंडातून सबूद काढला न्हाई. बाई अशी पाह्यजे म्हणल्या. सगुणामावशी बी व्हत्या तवा."

"म्हणले व्हते," मी म्हणाले. "मी लई काही म्हणते. दिवसभर म्हणते. ते समदं पाळायला तुला कुणी सांगितलं? मी सांगते ते गवऱ्या थापायचं ऐकत न्हाईस, अन् हे बराबर ऐकलंस?"

ती हसायला गेली आणि दुखलं म्हणून थांबली. तिथंच माझं ठरलं. उद्याची पहिली गाडी आणि जालना. थान पिकलेलं होतं, ते कुणाच्या लेपानं फुटणार नव्हतं. रक्तात गेलं तर माणूस जातं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

रात्रीच्या भाकरीला बद्रीनाथला सांगितलं. तो भाकरीवरून उठलाच.

"जालन्याला? दवाखान्यात? माय, तुला म्हाईत हाय का काय चाललंय ते? आणीबाणी हाय. दवाखान्याच्या दारात माणूस गेलं की नसबंदीचं ऑपरेशन करून टाकतेत. गड्याचं बी अन् बाईचं बी. परवा जीप आल्ती तर अर्धं गाव जवारीत लपल्तं."

"त्यात तूबी व्हतास. मला म्हाईत हाय. आंगाला कुसळं घेऊन आल्ता."

"मंग? मला एकच पोरगी हाय. पोरगा व्हायचाय."

"पोरगा कुणाच्या पोटी व्हनार? ही मेली तर?"

"मरत न्हाई कुणी गाठीनं. लेप लावू. अन् तिथं डॉक्टर पुरुष असतेत. माह्या बायकोला परका माणूस..." पुढचं त्याला बोलवेना. बिचाऱ्याचे कान लाल झाले. बद्रीनाथ वाईट नाही. त्याला भीती वाटली की तो रीत सांगायला लागतो.

"तू येऊ नको," मी म्हणाले. "धर्मराज येईल."

"माझं तर लगीन बी व्हायचंय माय," धर्मराज म्हणाला.

"तू बाहेर बसून पोरगी धरायची. तुला कुणी आत नेत न्हाई, तुह्यात न्यायसारखं काही न्हाई."

"मी गाडी जुंपनार न्हाई," बद्रीनाथ म्हणाला.

"नको जुंपू."

पहाटे मी गोठ्यात गेले आणि स्वतः बैल जुंपले. बाईनं गाडी हाकायची नसते असं गावात म्हणतात. गावाला मी दिसले तेव्हा तांबडं फुटलं होतं, आणि कुणी काही म्हणालं नाही. धर्मराजला बैलांची भीती वाटते. तो मागं नंदाशेजारी पोरगी घेऊन बसला. प्रत्येक खड्ड्याला नंदा दात आवळायची. मी खड्डे चुकवत नेत होते, पण आमच्या रस्त्याला खड्ड्यांमधेच थोडा थोडा रस्ता आहे.

पांदीच्या तोंडाशी मागून कुणी पळत आलं. बद्रीनाथ. माझ्या हातातला कासरा घेतला आणि गाडीवर चढला. मी सरकून जागा दिली. वाटूर फाट्यावर मंठ्याकडून येणारी एसटी उभी राहिली, त्यानं नंदाला हाताला धरून चढवलं आणि मग मागं सरकला.

"मी बैलांपाशी थांबतो," तो म्हणाला.

"थांब. बैलांचं कुणी ऑपरेशन केलं तर कळव."

जालन्याच्या दवाखान्यात रांग होती. खिडकीतल्या कारकुनानं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मान वर न करता म्हणाला, "मुलं किती? ऑपरेशन करून घेणार का?"

"पोरगी एक हाय, पिकलेलं थान एक हाय," मी म्हणाले. "आधी थानाचं बघा. बाकीचं तुमच्या घरी इचारा."

मागची रांग हसली. कारकुनानं चिठ्ठी दिली.

पण बाईडॉक्टर नव्हत्या. कुठल्याशा शिबिराला गेलेल्या, चार दिवस येणार नव्हत्या. पडद्याच्या आत एक तरुण पोरगा होता, डोळ्यांवर चष्मा, मिशा आत्ता आत्ता आलेल्या. तोच डॉक्टर. नंदानं त्याला बघितलं आणि टेबलावरून खाली उतरली. डावा हात छातीवर, आणि आता खरोखर दाबलेला. दुखत होतं तरी दाबलेला.

"आत्याबाई, घरी चला."

"आजी, त्यांना समजवा," डॉक्टर म्हणाला. "ताप बघा किती आहे. आत पू झालाय, आज चिरा द्यावाच लागेल. उद्या उशीर होईल. बाई, लाज सोडा आता, इथे कसली लाज?"

आता हे मला लागलं. पोरगा भला होता, पण हे लागलं.

"लाज सोडा म्हणू नका डॉक्टरसाहेब. ती काय मोळी हाय का, डोक्यावरून खाली टाकली अन् झालं? तिची लाज तिच्यापाशी राहील. तुम्ही जरा त्वांड फिरवा."

त्यानं तोंड फिरवलं. मी नंदापाशी गेले. तिचे दात वाजत होते, तापानं आणि भीतीनं. मी तिच्या कानाशी बोलले. काय बोलले ते सांगते, कारण घरी गेल्यावर सगुणाबाईनं ऐकीव गोष्टीवरून ते गावात भलतंच करून सांगितलं.

मी म्हणाले, "नंदा, ऐक. तुला कशाची लाज वाटून राह्यली? ह्या मानसानं थान बघितलं त्याची? थान समद्या बायांला असतं. थानावर नाव लिहिलेलं न्हाई. नाव तोंडावर असतं. उद्या हा बाजारात दिसला तर तो तुला कशानं वळखील? तोंडानं. मंग तोंड झाक. डोक्यावरचा पदर खाली घे हनुवटीपर्यंत. तोंड झाकलं की तू बद्रीनाथची बायको न्हाईस, माह्यी सून न्हाईस, ह्या गावची न्हाईस. कुणीतरी एक बाई हायेस, थान पिकलेली. तिला चिरा देऊ दे. तू आत बसून रहा."



आमच्या नदीवर आंघोळीला बसलेल्या बायांवर चुकून कुणी गडी आला तर आमच्या बाया हेच करतात. ओलं पातळ अंगावरून काढून तोंडावर घेतात. गडी पळतो, आणि कोण होती ते त्याला मरेपर्यंत कळत नाही. धर्मराजच्या त्या सगळ्या गोऱ्या बायांनी अंग झाकलं आणि तोंडं उघडी टाकली होती. त्यांना बघणारे परके असतील, हात वाचून पुढे जाणारे. आम्हाला बघणारे सगळे वळखीचे.

नंदानं पदर ओढला. पार हनुवटीच्या खाली. आणि मग डावा हात तिथून काढला आणि माझ्या मनगटाला धरला.

"फिरा आता," मी डॉक्टरला म्हणाले.

"तोंड कशाला झाकलंय? मला चेहरा दिसला पाहिजे, चक्कर आली तर..."

"चक्कर आली तर मी सांगते. तुम्हाला कापायचं ते तोंडात हाय का?"

त्यानं इंजेक्शन दिलं आणि चिरा दिला. मी बघत होते. वाटीभर निघालं, आणि असा वास की नर्सनं तोंड फिरवलं. डॉक्टरनं फिरवलं नाही. तेवढ्यासाठी मी त्याला मनातून माफ केलं. नंदाची नखं माझ्या मनगटात रुतली. तोंडातून शब्द नाही, आणि या वेळी मला त्याचा राग आला.

"वरड की गं," मी म्हणाले. "कुनाला कळतंय तू कोण ते?"

आणि ती ओरडली. पदराच्या आतून अशी ओरडली की बाहेरच्या रांगेतली पोरं गप झाली, आणि धर्मराज पोरगी घेऊन दारापर्यंत पळत आला आणि तिथंच थिजला. सात वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. चांगला आवाज होता. खणखणीत.

ठेवून घेतलं. रोज पट्टी बदलायची होती, जखमेत लांब चिंधी भरायची आणि काढायची. बाईडॉक्टर अजून यायच्या होत्या. रोज मी तिच्या डोक्यामागं उभी राहायची, पदर खाली ओढून धरायची आणि ती माझं मनगट धरायची. ताप उतरला. पोरगी परत प्यायला लागली, डावीकडे. बद्रीनाथ दूध घेऊन आला, दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहिला, आणि धर्मराजनं जाऊन त्याला हाताला धरून आत आणलं. कुणी त्याला काही केलं नाही. त्याला थोडं वाईटच वाटलं असावं.

धर्मराज दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहीत होता. मला विचारायचा, "माय, तू काय म्हणलीस वैनीला? परत सांग."

"एकदा म्हणले ते म्हणले. तुह्या चित्रातल्या बायांला इचार."

"त्यांला बोलता येत न्हाई."

"म्हणून तर तुमचं चालतं."

मग एके दिवशी सकाळी पट्टीला बोलावलं. नंदा टेबलावर बसली, मी नेहमीसारखी मागं जाऊन पदराला हात घातला. तिनं माझा हात धरला. धरला आणि खाली केला.

"ऱ्हाऊ द्या आत्याबाई."

"काय ऱ्हाऊ द्या?"

"मला डॉक्टरला सांगायचंय. काल त्यांनी जितं दाबलं तितं दुखत न्हाई, दुसरीकडंच ठणकून राह्यलंय. रोज सांगते अन् पदरातून त्यांला धड ऐकू जात न्हाई. दोनदा भलतीकडंच दाबलं."

"मी सांगते. कुठं ते मला सांग."

"तुम्हाला कुठं दुखतंय? मलाच सांगावं लागंल." मग जरा थांबून म्हणाली, "अन् तुम्ही भाईर बसा. तुम्ही असल्या की ते तुमच्याकडंच बघून बोलतेत."

मी डॉक्टरकडे बघितलं. तो चष्मा पुसायला लागला. नर्स ट्रेमध्ये काहीतरी शोधायला लागली, जे ट्रेमध्ये नव्हतं.

मला घराबाहेर, खोलीबाहेर, कुठल्या बैठकीबाहेर काढणारं माणूस आजवर जन्माला आलं नव्हतं. मालकांनीही कधी काढलं नाही. एकदा प्रयत्न केला होता, तर रात्रभर तेच ओसरीवर झोपले. आणि ही, पदराआड बोलणारी. मी पदर सावरला, तिच्या डोळ्यांत बघितलं. तिनं डोळे खाली केले नाहीत.

"बरं," मी म्हणाले. "पण मोठ्यानं बोल. हा पोरगा हळू बोललेलं ऐकत न्हाई."

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. धर्मराज तिथं पोरीला खेळवत होता. मला बघून उभाच राहिला.

"काय झालं? तू भाईर कशी?"

"बस खाली."

पडद्याआडून नंदाचा आवाज आला. तोंड उघडं असलं की कसा मोकळा येतो, तसा. "तितं न्हाई. खाली. त्याच्याबी खाली, काखेकडं. हां, तितं. बराबर तितं. आता दाबा."

"काय करून राह्यली वैनी आत?" धर्मराज म्हणाला.

"कामाचं बोलून राह्यली," मी म्हणाले. "तू पोरगी दे हिकडं अन् गप बस. मला ऐकू दे."